दुखावलेल्याने आधी कोणाकडे जावे

१९४२ च्या जून महिन्यात लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार सेवाग्रामास आले आणि आठवडाभर गांधीजींच्या सान्निध्यात राहिले. त्या मातीच्या कुटीत त्यांना भिंतीवर एकच चित्र टांगलेले आढळले. ते येशू ख्रिस्ताचे होते, आणि त्याखाली हाच आपली शांती आहे अशा आशयाचे बायबलातील वचन छापलेले होते. फिशर यांनी त्याविषयी पृच्छा केली, तेव्हा आपण ख्रिस्ती आहोत, हिंदू आहोत, मुसलमान आहोत आणि यहुदीही आहोत, असे उत्तर त्यांना मिळाले. ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. परंतु राजकोटच्या शाळेत असताना हायस्कुलाजवळच्या एका कोपऱ्यावर उभे राहून हिंदूंच्या देवतांची निर्भर्त्सना करणारा एक मिशनरी या मुलाने ऐकला होता, ते ऐकणे त्याला असह्य झाले होते आणि ख्रिस्ती धर्माविषयी त्याच्या मनात एक प्रकारची अढी बसली होती, हे गांधीजींनीच आपल्या आत्मकथेत लिहून ठेवले आहे, याची आठवण मात्र त्या चित्रापुढे उभे राहताना क्वचितच कोणास होते. ज्याचे कोवळे मन ख्रिस्ताच्या नावाने दुखावले गेले, त्याने बहात्तराव्या वर्षी आपल्या दृष्टीसमोर ख्रिस्ताला स्थान द्यावे, यामध्ये केवळ सहिष्णुता नाही. दुसऱ्याने केलेल्या जखमेचे काय करावे, या प्रश्नाचे एक सुस्पष्ट उत्तर त्यामध्ये आहे, आणि ते उत्तर आपल्या वर्धा जिल्ह्याने फार जवळून पाहिलेले असल्यामुळे त्याचा विचार या जिल्ह्यातील वाचकांपुढे मांडावा असे मला मनापासून वाटते.

ख्रिस्ती मनुष्याने दुखावले गेल्यावर कसे वागावे, असे कोणासही विचारले, तर एका गालावर चापट बसली असता दुसरा गाल पुढे करावा, हे डोंगरावरील प्रवचनातील वचन तात्काळ पुढे येते आणि तेथेच बहुधा संभाषण संपते. व्यवहारदक्ष माणसे हे वचन साधुसंतांसाठी राखून ठेवतात. त्याहून अनिष्ट असा त्याचा उपयोग बलवान माणसे करतात, कारण ज्याला त्यांनी मारले त्यालाच ती सहनशीलतेचा उपदेश करू लागतात. पहिल्यांना ते वचन अव्यवहार्य वाटते, दुसऱ्यांना ते सोयीचे वाटते. परंतु दोघांचीही समजूत एकच असते, ती ही की, ख्रिस्ताने दुखावलेल्या मनुष्यास तोंड मिटून बसावयास सांगितले. माझे म्हणणे असे की, ही समजूत मुळातच चुकीची आहे. ख्रिस्ताने दुखावलेल्याला हात उचलण्याची मनाई केली हे खरे, परंतु बोलण्याची केली नाही. किंबहुना बोलण्याचे कर्तव्य त्याने त्याच्यावरच टाकले आहे.

खुद्द ख्रिस्ताला चापट मारली गेल्याचा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानात आला आहे. रात्रीची वेळ, हन्नासमोर चाललेली चौकशी, हात बांधलेला कैदी. त्याचे उत्तर उद्धटपणाचे आहे असे वाटून जवळ उभ्या असलेल्या एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण ज्याने दिली, त्याने या वेळी काय केले? त्याने शिव्या दिल्या नाहीत, शाप दिला नाही, आणि मान खाली घालून तो गप्पही राहिला नाही. मी वावगे बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि योग्य बोललो असेन तर मारलेस का, असा सरळ प्रश्न त्याने त्या शिपायालाच केला. मारणारा एक यःकश्चित नोकर होता, आणि समोर बडा अधिकारी बसलेला होता. तरीही तक्रार वरिष्ठाकडे न करता ज्याचा हात उठला त्यालाच विचारले गेले, हे मला या प्रसंगातील सर्वांत मोलाचे अंग वाटते. दुसरा गाल पुढे करणे म्हणजे काय, याचे भाष्य उपदेशकाने आपल्या वर्तनाने येथे करून ठेवले आहे: परत मारावयाचे नाही, पळावयाचेही नाही, आणि मारणाऱ्याच्या विवेकबुद्धीला हाक मारल्यावाचून राहावयाचे नाही.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात याचीच रीतसर कार्यपद्धती सांगितली आहे. तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर प्रथम तू त्याच्याकडे एकटा जा आणि दोघेच असताना त्याचा दोष त्याला दाखव. त्याने ऐकले तर तुझा भाऊ तुला परत मिळाला. न ऐकेल तर एकदोघांना सोबत घेऊन जा, म्हणजे झालेल्या बोलण्यास साक्षीदार राहील. तेही न मानील तर मंडळीला कळव. आणि मंडळीचेही न मानील तर तो तुला विदेश्यासारखा, जकातदारासारखा होवो. या क्रमाचा शेवट ऐकून कोणी म्हणेल की, अखेर बहिष्कारच आला. परंतु ज्या ग्रंथात हे लिहिले आहे तो ग्रंथ परंपरेप्रमाणे ज्याच्या नावावर आहे, तो मत्तय स्वतःच जकातनाक्यावरून उठून आलेला जकातदार होता, आणि जकातदारांच्या पंक्तीस बसून जेवतो म्हणून येशूवर सनातन्यांनी ठपका ठेवला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शेवटच्या पायरीचाही अर्थ पालटतो. संबंध बदलतो, अंतर राखावे लागते, परंतु दार कायमचे लावून घेता येत नाही.

या चार पायऱ्यांपैकी पहिली पायरी आपण सर्वांनी जवळजवळ मोडीत काढली आहे. आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात धुऱ्याचा वाद कसा उभा राहतो ते पाहावे. मृग तोंडावर आलेला असतो, वखरणी चाललेली असते, आणि धाकट्या भावाचा सालदार वखर फिरवताना धुऱ्याकडून हातभर माती कोरून घेतो. पेरणी होते, पऱ्हाटीची दोन तासे पूर्वी जेथे गवत होते तेथे उगवून येतात, आणि थोरला भाऊ ती पाहतो. त्या दिवशी संध्याकाळी तो धाकट्याच्या ओसरीवर जाऊन, "बापू, धुरा कायले कोरला गा? मले सांगाचं होतं," एवढे बोलला असता, तर कदाचित सालदाराची चूक निघाली असती, कदाचित दोन शब्द वरखाली होऊन धुरा पूर्ववत झाला असता. पण तो तेथे जात नाही. तो पानठेल्यावर सांगतो, सोयऱ्यांना सांगतो, गावाच्या व्हॉट्सॲप गटावर भावाचे नाव न घेता पण सर्वांना कळेल असे काही टाकतो, आणि धाकट्याच्या कानी ती गोष्ट चार तोंडांनी चार रंग घेऊन पोहोचते. मग मोजणीचा अर्ज, भूमी अभिलेखाच्या कचेरीतील हेलपाटे, मोजणीवर हरकत, वकीलपत्र, दिवाणी दावा, मनाईहुकुमाचा अर्ज, आणि तारखांमागून तारखा. ज्या दोन तासांतून मणभरही कापूस निघावयाचा नाही, त्यांपायी दोन्ही घरची मुले एकमेकांच्या लग्नाला जाईनाशी होतात. या सर्व काळात गावातील प्रत्येक मनुष्याशी त्या वादाविषयी बोलणे झालेले असते. बोलणे झालेले नसते ते फक्त त्या दोघांचे आपसांत.

कोर्टकचेरी वाईट आहे असे मी म्हणत नाही. कायद्याने मिळणारा न्याय हा दुबळ्याचा फार मोठा आधार आहे आणि त्याविषयी पुढे बोलावयाचे आहे. मला म्हणावयाचे आहे ते इतकेच की, ज्याने दुखावले त्याच्याविषयी बोलणे आणि ज्याने दुखावले त्याच्याशी बोलणे या दोन अत्यंत भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने मन क्षणभर हलके होते आणि वैर बळावते. दुसरीला धैर्य लागते.

हे धैर्य राजकारणाच्या क्षेत्रात आणून दाखविण्याचे श्रेय मोठ्या अंशाने आपल्या भूमीस आहे. २३ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी हिटलरला पत्र लिहिले, ते वर्ध्याहून लिहिले. युरोपात युद्धाचे ढग जमले होते, मित्रांचा आग्रह चालला होता, आणि लिहावे की न लिहावे या द्विधा मनःस्थितीतून बाहेर पडून त्यांनी त्या सर्वसत्ताधीशाला मित्र असे संबोधून अवघ्या काही ओळींत युद्ध टाळण्याची विनंती केली. सरकारने ते पत्र जाऊ दिले नाही. गेले असते तरी त्याचा उपयोग झाला असता, असे मला वाटत नाही. तथापि त्या पत्राला भाबडेपणा म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी १९३० सालचे दुसरे पत्र पाहावे. मिठाचा कायदा मोडण्यापूर्वी २ मार्च रोजी त्यांनी व्हाइसरॉय आयर्विन यांना, तेही मित्र म्हणूनच, आपल्या सर्व तक्रारी आणि आपला पुढील बेत तपशीलवार कळविला, आणि ते पत्र दिल्लीस नेण्याचे काम रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या क्वेकर पंथाच्या तरुण इंग्रजावर सोपविले. पत्राचा उपयोग झाला नाही, आणि मग १२ मार्चला साबरमतीहून पदयात्रा निघाली. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यास ब्रिटिशांनी देश सोडावा असा ठराव केला तेव्हाही, त्याचा आशय समजावून सांगण्यासाठी मीराबेनना दिल्लीस धाडण्यात आले. व्हाइसरॉयनी त्यांची भेट नाकारली, ही गोष्ट निराळी. एकदा पत्र पोहोचलेच नाही, दोनदा समोरच्याने ऐकले नाही. पण ऐकले नाही म्हणून सांगणे व्यर्थ गेले असे ठरत नाही, कारण आधी सांगून केलेल्या लढ्याला कपटाचा डाग लागत नाही, आणि लढा संपल्यावर समेटास बसण्याची जागा शिल्लक राहते. मार्च १९३१ मध्ये तेच आयर्विन आणि तेच गांधी करारावर सह्या करू शकले, याचे एक कारण त्या पत्रात आहे असे मी मानतो.

परंतु गांधीजींचे उदाहरण दिले की, ते महात्मा होते असे म्हणून माणसे मोकळी होतात. म्हणून मला वर्ध्यातीलच दुसऱ्या एका पुरुषाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे, जो स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होता, स्वभावाने मुळीच मवाळ नव्हता, आणि ज्याला सर्वांत खोल जखम झाली ती आपल्याच धर्मबांधवांकडून. मगनवाडीत आजही ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या जे. सी. कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथील एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. विलायतेत हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत चांगला जम बसविला होता. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास करीत असता हिंदुस्थानच्या दारिद्र्याची कारणे त्यांना आकड्यांतून उलगडत गेली, आणि तो प्रबंध हाती घेऊनच १९२९ साली ते साबरमतीस गांधीजींना भेटले. साहेबी पोशाख गेला, खादी आली. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, म्हणजेच मगनवाडीत, त्याचे कार्यालय आले, आणि तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, मधमाश्या यांच्या संसारात कुमारप्पा वर्धेकर होऊन गेले.

त्यांच्या जखमेची गोष्ट त्याआधीची आहे. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात निःशस्त्र माणसांची डोकी लाठ्यांनी फुटत होती, आणि मारणारे राज्य स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होते. हिंदुस्थानातील मिशनरी आणि धर्माधिकारी मात्र बहुतांशी मौन धरून होते. कुमारप्पांच्या दृष्टीने हा केवळ राजकीय प्रश्न नव्हता. शत्रूवर हात न उगारता सत्यासाठी मार खाणे हा जर ख्रिस्ताचा मार्ग असेल, तर तो मार्ग हिंदू आणि मुसलमान चालत आहेत आणि ख्रिस्ताचे पुजारी रस्त्याच्या कडेला उभे आहेत, हे दृश्य त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. या अवस्थेत त्यांनी काय करावयास हवे होते? धर्म सोडून देणे हा एक मार्ग होता, आणि त्या काळच्या वातावरणात त्याचे स्वागतच झाले असते. मिशनऱ्यांची चार ठिकाणी निंदा करणे हा दुसरा मार्ग होता. त्यांनी दोन्ही टाळले आणि ख्रिस्ती कार्यकर्ते व मिशनरी यांनाच उद्देशून आवाहन लिहिले, की तुमचा धर्म तुम्हांला जे शिकवितो ते या देशात चालले आहे, त्याच्या बाजूने उभे राहा. कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन बिशप फॉस वेस्टकॉट यांनी त्यास उत्तर दिले, की सविनय कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणुकीशी सुसंगत नाही. कुमारप्पा थांबले नाहीत. त्यांनी बिशपांच्या युक्तिवादाला बिशपांच्याच धर्मग्रंथातून प्रत्युत्तर दिले.

येथे कोणी शंका घेईल की, हे सर्व जाहीर रीतीने झाले, मग एकांतातील पहिली पायरी कोठे राहिली? शंका रास्त आहे. परंतु धर्माधिकाऱ्यांचे मौन हा दोन माणसांमधला खाजगी अपराध नव्हता. तो मंडळीपुढेच झालेला होता आणि मंडळीपुढेच त्याची वाच्यता होणे प्राप्त होते. महत्त्वाचे हे की, कुमारप्पांचे लिखाण त्या माणसांना संबोधून होते, त्यांना उत्तर देण्याची संधी होती आणि ते उत्तर गंभीरपणे घेतले गेले. कुमारप्पा फटकळ होते. त्यांच्या कडक शिस्तीच्या आणि स्पष्टोक्तीच्या आठवणी मगनवाडीच्या जुन्या कार्यकर्त्यांनी पुष्कळ सांगितल्या आहेत. मला ही गोष्ट दिलासा देणारी वाटते. क्षमेसाठी मनुष्य जन्मतः शांत असावा लागतो, असे नाही.

त्या जखमेचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. १९४२ च्या आंदोलनानंतर त्यांना कारावास झाला. जबलपूरच्या तुरुंगात, प्रकृती ढासळलेली असताना, त्यांनी दोन पुस्तके लिहिली. त्यांतले एक शाश्वत अर्थव्यवस्थेवरचे, ज्याचा अभ्यास आज जगभर होतो. दुसरे येशूच्या आचरणावर आणि उपदेशावर. गांधीजींनी त्याला प्रस्तावना लिहिली. ज्या चर्चच्या मौनाने आपण विव्हळ झालो त्या चर्चच्या धन्याचे चरित्र, ज्या साम्राज्याने आपणांस कोंडले त्याच्या कोठडीत बसून, कसलाही कडवटपणा न ठेवता लिहिण्यास घेणे, हे माझ्या मते दुखावलेल्या मनाच्या ख्रिस्ती प्रतिसादाचे आपल्या मुलखातील सर्वांत मोठे उदाहरण आहे. सेवाग्राम पाहण्यास येणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्या मगनवाडीवरून जातात, त्यांतल्या थोड्या तेथे थांबल्या तर बरे होईल.

जखम करणारा नेहमी परकाच असतो असेही नाही. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावास जाणाऱ्या आगगाडीत एका अनोळखी युरोपियनाने नारायण वामन टिळकांच्या हाती बायबल ठेवले, तेथून सुरू झालेला प्रवास १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्म्यापर्यंत गेला, आणि त्याचा सर्वांत जबर घाव बसला तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना. नवरा धर्मांतर करून दूर गेला, पदरी मूल, भोवती सोवळे नातेवाईक, आणि वर्षानुवर्षांची ताटातूट. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांना माहीत आहे की, या बाईने आपला राग, आपले वेडेपिसे दुःख, नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणाची चीड, काही म्हणजे काही लपविलेले नाही. तिने सारे टिळकांच्या तोंडावर सांगितले, भांडून सांगितले, आणि तरीही त्यांच्याविषयीचा जिव्हाळा आटू दिला नाही. पुढे ती त्यांच्याकडे राहावयास गेली, आणि स्वतः ख्रिस्ती झाली ती आपल्या मनाने, आपल्या वेळी. क्षमा केली म्हणजे झालेल्या गोष्टीचा उच्चारच करू नये, असे मानणाऱ्यांनी ते पुस्तक पुन्हा उघडावे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. दारू पिऊन रोज मारणाऱ्या नवऱ्याकडे बायकोने एकांतात जाऊन त्याचा दोष दाखवावा काय? ज्या मालकाने मजुराला जातीवरून शिवी दिली, त्या मालकाच्या वाड्यावर त्या मजुराने एकट्याने जावे काय? याचे उत्तर, नाही, असे नि:संदिग्ध शब्दांत दिले पाहिजे. मत्तयाच्या अध्यायात तो शब्द भाऊ असा आहे, आणि भाऊपणाला किमान समानता लागते. जेथे एकाच्या हाती काठी आणि दुसऱ्याच्या हाती केवळ भीती आहे, तेथे एकांत ही सवलत नसून सापळा आहे. अशा ठिकाणी दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीपासूनच आरंभ करावा लागतो, सोबतीला माणसे घ्यावी लागतात, ठाण्यात फिर्याद द्यावी लागते, आणि तसे करणे हे क्षमेच्या विरुद्ध आहे असे सांगणारा पाद्री असो की पुरोहित, तो बलवानाची वकिली करीत असतो. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाचे वर्तन पाहावे. फिलिप्पै येथे चौकशीवाचून त्याला व सीलाला फटके मारून तुरुंगात टाकले, आणि दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून देण्याचा हुकूम पाठविला. पौलाने बाहेर पडण्यास नकार दिला. आम्ही रोमी नागरिक, आम्हांला जाहीरपणे मारले, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, अशी मागणी त्याने केली आणि अधिकाऱ्यांना यावे लागले. पुढे त्याने कैसराकडे अपील केले. फिलिप्पैच्या त्या रात्री ज्या तुरुंगाधिकाऱ्याने त्याचे पाय खोड्यात अडकविले होते, त्याला मात्र आत्महत्येपासून वाचवून त्याने त्याच्या घरी भोजन केले होते. हक्काची मागणी आणि माणसाविषयीची करुणा ही दोन्ही एकाच अंतःकरणात राहिली.

आपल्या काळात याचे प्रत्यंतर आले ते ओडिशात. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री मनोहरपूर गावी मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप व सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपली असता जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले, तेव्हा सारा देश स्तब्ध झाला. पण मला त्यानंतरची पाच वर्षे अधिक बोलकी वाटतात. त्या मायदेशी परत गेल्या नाहीत. मुलीसह बारीपद्यास राहून त्यांनी तेथील कुष्ठरोग्यांचे काम २००४ पर्यंत चालविले. वर्धेकरांना याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नसावी. मनोहर दिवाणांनी १९३६ साली उभारलेले दत्तपूरचे कुष्ठधाम आपल्या वेशीवर आहे, आणि अशा ठिकाणचा चालक निघून गेला तर मागे राहिलेल्या माणसांचे काय होते, हे आपण जाणतो. दरम्यान खटला आपल्या मार्गाने चालला, शिक्षा झाल्या, आणि त्यांच्या क्षमेने न्यायासनाच्या कामात अडथळा आणला नाही. इंदूरजवळ १९९५ साली बसमधून जात असता भोसकून मारल्या गेलेल्या सिस्टर राणी मारिया यांची बहीण सिस्टर सेल्मी पॉल तर तुरुंगात जाऊन मारेकरी समुंदरसिंग यास २००२ साली राखी बांधून आली. मध्ये सात वर्षे गेली होती. क्षमा ही दुसऱ्या दिवशी सकाळी उठून देण्याची वस्तू नाही, ती कोणी मागून घेऊ नये आणि वेळापत्रकही लावू नये, हे त्या सात वर्षांवरून ध्यानात यावे.

अशी असामान्य माणसे सोडून आपण धुऱ्याकडे परत येऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या जखमा त्या मापाच्या असतात. भावाने हिस्सा मागितला, जाऊ चारचौघींत बोलली, सहकाऱ्याने आपले काम स्वतःच्या नावावर साहेबांपुढे ठेवले. एवढ्याशा गोष्टींसाठी न्यायासन लागत नाही, महात्माही लागत नाही. तिसऱ्या माणसाला सांगण्याआधी त्या माणसाकडे जावे लागते, आणि जाताना निकालपत्र खिशात घालून न जाता प्रश्न घेऊन जावे लागते. मारलेस का, हा प्रश्नच होता. त्याचे उत्तर त्या शिपायाने दिल्याचे शुभवर्तमानात नाही. तरीही प्रश्न विचारला गेला.

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधींच्या नावाने तंटामुक्त गाव मोहीम चालू केली, आणि गावोगाव समित्या झाल्या. पुरस्कारासाठी तंटे मिटविण्याची घाई काही ठिकाणी झाली असेल, तरी गावातील भांडण गावातच बसून सोडवावे ही तिची मूळ कल्पना उत्तम आहे. माझी सूचना तिच्याच चौकटीतली आहे. समितीपुढे अर्ज आला म्हणजे अध्यक्षाने दोन्ही पक्षांस लगोलग पाचारण करण्याऐवजी अर्जदारास आधी विचारावे, की तू त्याच्याकडे गेला होतास काय, आणि गेला असशील तर काय बोलणे झाले. गेला नसेल तर त्यास आठ दिवसांची मुदत द्यावी, एकट्याने जाण्याचा संकोच वाटत असेल तर दोघांच्याही विश्वासातला एक वडीलधारा मनुष्य सोबत द्यावा, आणि त्यानंतरच तंटा नोंदवून घ्यावा. मात्र मारहाणीची बाब असेल, अर्जदार स्त्री सासरच्या जाचाची तक्रार घेऊन आली असेल, किंवा जातीवरून अपमान झालेला असेल, तर हा प्रश्न विचारूच नये. तेथे समितीने तडजोडीच्या भानगडीत न पडता त्या व्यक्तीबरोबर ठाण्यापर्यंत अथवा संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत स्वतः जावे. जिल्ह्यातील चर्चच्या पंचांनीही प्रभुभोजनाआधी आपल्या मंडळीत हीच विचारणा करावी, कारण वेदीपाशी अर्पण तसेच ठेवून आधी भावाशी समेट करून येण्याची आज्ञा त्यांच्याच ग्रंथात आहे. आणि समित्यांनी हे कामास लावावयाचे तर मृगाची वाट न पाहता त्याआधी, वखर शेतात निघण्यापूर्वीच लावावे. धुरे कोरले जातात ते वखरणीच्याच दिवसांत.